एकखांबी तंबूतले महिला बास्केटबॉल

१० एप्रिल २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये महिला युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हंगेरीच्या शोप्रोन संघाने फेनरबाहचेला ६० विरुद्ध ५५ गुणांनी हरवले. शोप्रोन हे ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून असलेले, साठ हजारांच्या आसपास वस्तीचे शहर आहे. दीड कोटी लोकसंख्येच्या महानगरातला, फुटबॉलमुळे घराघरांत पोचलेला क्लब आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर या लहान शहराकडून हरला. हंगेरीच्या एखाद्या क्लबाने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. प्रशिक्षक डावीड गाश्पार हंगेरीचेच होते आणि अंतिम टप्प्यातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून शोप्रोनच्या गॅबी विल्यम्सची निवड झाली. युरोपातल्या महिला क्लब बास्केटबॉलवर प्रेम करणाऱ्या कोणालाही त्या रात्रीचा आनंद मनापासून वाटावा, असाच तो सामना होता.

तरीही २०२१-२२चा हंगाम आठवला, की आधी आठवतो तो या सामन्यात नसलेला संघ. आदल्या वर्षी याच इस्तंबूलमध्ये स्पेनच्या पेरफुमेरियास आवेनिदाला ७८-६८ असे हरवून रशियाच्या यूएमएमसी येकातेरिनबर्गने सहावे विजेतेपद मिळवले होते. गतविजेता असलेला हा संघ हंगामाच्या निर्णायक टप्प्यावर स्पर्धेतून बाहेर गेला, कारण २४ फेब्रुवारीला रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि १ मार्च रोजी फिबा या जागतिक संघटनेने रशियाच्या सर्व संघांना आपल्या स्पर्धांची दारे बंद केली. येकातेरिनबर्गची सर्वांत उंच आणि सर्वांत प्रसिद्ध खेळाडू, अमेरिकेची ब्रिटनी ग्रायनर तर त्याआधीच, १७ फेब्रुवारीला, मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर पकडली गेली होती. तिच्या सामानात गांजाचा अर्क असलेल्या, वाफ ओढण्याच्या नळ्या सापडल्या होत्या. इस्तंबूलमध्ये अंतिम सामना चालू असताना ती कोठडीत होती. ४ ऑगस्टला तिला नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि ८ डिसेंबरला अमेरिकेच्या कैदेत असलेल्या व्हिक्टर बूट या रशियन शस्त्रास्त्र विक्रेत्याच्या बदल्यात तिची सुटका झाली. ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळवलेली खेळाडू दोन महासत्तांमधल्या कैद्यांच्या देवाणघेवाणीतला ऐवज बनली.

या हंगामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्यातले बहुतेक लेखन युद्धाबद्दल, ग्रायनरच्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी असण्याबद्दल, किंवा खेळात राजकारण आणावे की नाही या जुन्या वादाबद्दल होते. ते सारे महत्त्वाचे आहे. मला मात्र येथे एक वेगळा, पैशाचा प्रश्न मांडायचा आहे, कारण तो युद्धाच्या आधीपासून होता आणि रशियन संघ गेल्यावरही तसाच राहिला आहे. महिला क्लब बास्केटबॉलचा वरचा थर अनेक दशके एका-एका धनवंताच्या किंवा एका-एका कंपनीच्या मर्जीवर उभा राहिला आहे. मराठीत ज्याला आपण एकखांबी तंबू म्हणतो, तशी ही रचना आहे. खांब सोन्याचा असला, तरी तो एकच असतो, आणि तो काढला गेला की आतल्या माणसांना बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही. ही रचना बदलण्याची जबाबदारी खेळाडूंवर टाकता येणार नाही. ती स्पर्धा भरवणाऱ्यांची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खेळाडूंवर ती का टाकता येत नाही, हे आधी पाहू. ग्रायनरच्या अटकेनंतर अमेरिकेत अनेकांनी विचारले, की तिला रशियात जायची गरजच काय होती. ती तेथे सहल म्हणून गेली नव्हती. २०१४-१५च्या हंगामापासून ती दर हिवाळ्यात येकातेरिनबर्गला नोकरीवर जात होती. त्या नोकरीत तिला वर्षाला दहा लाख डॉलरहून अधिक मिळत असल्याचे प्रसिद्ध झाले आहे, तर अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये २०२२ साली सर्वांत वरच्या खेळाडूचा मूळ पगारही सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास थांबत होता. त्याआधीचे आकडे तर याहून बोलके आहेत. २०१५ साली डायना टॉरासीने डब्ल्यूएनबीएचा संपूर्ण हंगाम सोडून दिला, कारण तिने उन्हाळ्यात विश्रांती घ्यावी म्हणून येकातेरिनबर्गचा क्लब तिला वेगळे पैसे देत होता. तेथे तिला सुमारे पंधरा लाख डॉलर मिळत होते, आणि मायदेशातल्या तिच्या पगाराचा आकडा एक लाख सात हजारांच्या आसपास होता. जगातली बहुधा सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू आपल्या देशात खेळण्यापेक्षा न खेळून जास्त कमावत होती. अशा स्थितीत तिने काय करायला हवे होते, हे सांगण्याचा अधिकार तिला तेवढा पगार न देणाऱ्यांना नक्कीच नाही.

पैशापलीकडेही एक गोष्ट होती, ती म्हणजे वागणूक. येकातेरिनबर्गचा संघ परदेशी सामन्यांना स्वतंत्र विमानाने जात असे. अमेरिकेत त्याच खेळाडू सामान्य प्रवाशांबरोबर, गुडघे समोरच्या खुर्चीला टेकवून, विमाने बदलत प्रवास करत होत्या. न्यूयॉर्क लिबर्टी या संघाच्या मालकांनी २०२१ साली आपल्या खेळाडूंसाठी गुपचूप खास विमाने ठरवली, तेव्हा ‘इतर संघांना हे परवडत नाही, म्हणून यात अनुचित फायदा आहे’ या कारणाने लीगने त्यांना पाच लाख डॉलर दंड केला. सर्व संघांसाठी खास विमानांची व्यवस्था व्हायला २०२४ साल उजाडावे लागले. साडेसहा-पावणेसात फूट उंचीच्या बाईला हा फरक शरीराने कळतो. त्यामुळे ज्यांनी तिला सन्मानाने वागवले त्यांच्याकडे ती गेली, याला लोभ म्हणणे अन्यायाचे आहे.

आता त्या सोन्याच्या खांबाकडे वळू. यूएमएमसी म्हणजे उरल भागातली खाण आणि धातू उद्योगातली प्रचंड कंपनी. तांबे हा तिचा मुख्य व्यवसाय. बास्केटबॉलचा संघ हे तिच्या प्रदेशाचे आणि तिच्या मालकवर्गाचे भूषण होते. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क किंवा बक्षिसाची रक्कम यांतून अशा संघाचा खर्च निघणे शक्यच नव्हते, आणि तसा तो निघावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. येकातेरिनबर्गच्या आधी हेच चित्र मॉस्कोजवळच्या स्पार्टाक संघात दिसले होते. त्याचे मालक शाब्ताई काल्मानोविच हे सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल इस्रायलमध्ये तुरुंगवास भोगून आलेले उद्योजक होते. अमेरिकेच्या टॉरासी व स्यू बर्ड आणि ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन यांना त्यांनी एका संघात आणले, राहायला उत्तम घरे दिली, मौल्यवान भेटी दिल्या. आणि त्या खेळाडू आजही त्यांच्याबद्दल कृतज्ञतेने बोलतात. स्पार्टाकने २००७, २००८ आणि २००९ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. २ नोव्हेंबर २००९ रोजी मॉस्कोत काल्मानोविच यांची त्यांच्या गाडीतच गोळ्या घालून हत्या झाली. पुढच्या एप्रिलमध्ये संघाने चौथे विजेतेपद जिंकले, जणू आधीच्या वेगावरच. त्यानंतर ते विजेतेपद त्या संघाकडे पुन्हा कधी आले नाही आणि एकेक तारा दुसरीकडे निघून गेला.

खांब कोसळायला हत्या किंवा युद्धच व्हावे लागते, असेही नाही. २०१२ साली स्पेनच्या रोस कासारेस व्हॅलेन्सिया संघाने युरोलीग जिंकली. त्या संघात लॉरेन जॅक्सन होती, माया मूर होती, संघ युरोपातला सर्वांत बलाढ्य होता. त्याच उन्हाळ्यात त्याच्यामागे असलेल्या पोलाद व्यवसायातल्या कुटुंबाने हात आखडता घेतला आणि युरोपचा विजेता वरिष्ठ संघ स्पर्धांमधून नाहीसा झाला. स्पेन तेव्हा आर्थिक मंदीत होता, पोलादाला मागणी नव्हती, आणि उद्योजकाच्या बाजूने पाहिले तर निर्णय समजण्यासारखा आहे. पण विजेतेपदाचा चषक हातात घेतलेल्या खेळाडूला काही आठवड्यांत दुसरा मालक शोधावा लागावा, ही गोष्ट कोणत्याही धंद्यात लाजिरवाणी मानली गेली असती. महिला बास्केटबॉलमध्ये ती एक बातमी होऊन गेली.

राजाश्रय आणि लोकाश्रय हे शब्द मराठी वाचकाला नवे नाहीत. कोल्हापुरात शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला, त्यातून १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले आणि देशभरातले मल्ल तेथे आले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तरी कुस्ती संपली नाही, कारण तोवर गावोगावच्या यात्रांचे फड, तालमी, वर्गणी, आणि पुढे साखर कारखान्यांनी मल्लांना दिलेले मानधन असे अनेक टेकू तिला मिळत गेले होते. हे टेकू पुरेसे होते असे मी म्हणत नाही. अनेक मल्लांची उतारवयातली परवड महाराष्ट्राने पाहिली आहे. सांगायचे एवढेच, की आश्रयदाता गेल्यावर खेळ टिकतो की नाही, हे त्या दात्याच्या हयातीत दुसरे टेकू उभे राहिले की नाही यावर ठरते. स्पार्टाक किंवा रोस कासारेस यांच्या वैभवाच्या काळात ते उभे राहिले नाहीत, आणि स्पर्धेच्या चालकांनी ते उभे करा असे त्यांना कधी बजावलेही नाही.

महिला युरोलीगचा पूर्वावतार असलेली युरोपियन क्लब स्पर्धा १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली तेव्हापासून हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत दिसतो. १९६० ते १९८२ या काळात तिची अठरा विजेतेपदे एकट्या टीटीटी रिगा या लॅट्वियातल्या संघाने मिळवली. संघाच्या नावातली तीन अक्षरे रिगा शहराच्या ट्राम आणि ट्रॉलीबस चालवणाऱ्या संस्थेची आहेत. जवळपास सात फूट उंचीची उल्याना सेम्योनोवा या संघाची आधारस्तंभ होती. तिच्या काळात सोव्हिएत व्यवस्थेत खेळाडू अशा एखाद्या संस्थेच्या पटावर असे. भारतीय वाचकाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही, कारण आपल्याकडे महिलांच्या राष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षे सर्वांत बलाढ्य राहिलेला संघ भारतीय रेल्वेचा आहे आणि क्रीडा कोट्यातली नोकरी हेच आपल्या मुलींच्या या खेळातल्या कारकिर्दीचे प्रमुख आर्थिक उद्दिष्ट आहे. या व्यवस्थेची बाजू मी मनापासून घेतो: तीत लखलखाट नाही, पण गुडघा निकामी झाल्यावरही पगार चालू राहतो. तिचा दोष असा, की तोही एकच खांब आहे. रिगाचे ते साम्राज्य १९८२ नंतर ओसरलेच होते, आणि सोव्हिएत संघ विरघळला तेव्हा त्यामागची व्यवस्थाही संपली. आणि उद्या रेल्वेने खेळाडूंची भरती आवरती घेतली, तर भारतातल्या महिला बास्केटबॉलपटूने जायचे कोठे, याचे उत्तर आज कोणत्याही संघटनेकडे नाही.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला टाळून पुढे जाणे प्रामाणिक होणार नाही. आक्षेप असा: हे धनवंत नसते, तर या खेळाडूंना काय मिळाले असते? ज्या काळात अमेरिकेच्या बाजारपेठेला महिला बास्केटबॉलची किंमत कळत नव्हती, त्या काळात उरलमधल्या तांबे उद्योगाने आणि मॉस्कोच्या एका वादग्रस्त व्यापाऱ्याने ती ओळखली. त्यांच्या पैशामुळे एका पिढीतल्या खेळाडूंनी घरे घेतली, आईवडिलांना सांभाळले, तिशीनंतरही खेळत राहण्याइतकी सोय केली. शिवाय युरोपातले पुरुषांचे मोठे क्लबही बहुतेक तोट्यातच चालतात आणि त्यांच्यामागेही कोणीतरी मोठा असामी असतोच. मग महिलांच्याच संघांना स्वावलंबनाचे धडे का द्यायचे?

या आक्षेपाचा पहिला भाग मला संपूर्ण मान्य आहे. आश्रयदात्यांना खलनायक ठरवणारे लेखन मला पटत नाही. दुसऱ्या भागात मात्र एक महत्त्वाचा फरक सुटतो. पुरुषांच्या मोठ्या क्लबामागचा धनिक निघून गेला, तर सहसा हंगामाची तिकिटे घेतलेले हजारो लोक, प्रक्षेपणाचे करार, दशकांचे नाव आणि ते नाव विकत घेण्यास उत्सुक असलेला दुसरा धनिक, हे सारे मागे उरते. क्लब घसरतो, पण उरतो. महिलांच्या संघात दात्याच्या पैशाने पगार वाढतात, आणि बाकीचे काहीच त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे तोटा दोन्हीकडे आहे, पण धोका सारखा नाही. स्वावलंबनाचा धडा द्या असे मी म्हणत नाही. कोणी एक निघून गेल्यावर रस्त्यावर येणार नाही इतकी तजवीज मागणे, हा त्या खेळाडूंचा कामगार म्हणून साधा हक्क आहे.

हा धोका केवळ पगाराचा नाही, शरीराचाही आहे. १४ एप्रिल २०१९ रोजी युरोलीगचा अंतिम सामना शोप्रोनमध्येच भरला होता. कूर्स्कच्या डायनॅमो संघाकडून येकातेरिनबर्गविरुद्ध खेळताना अमेरिकेची ब्रिॲना स्टुअर्ट कोसळली. टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. आदल्या वर्षी ती डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली होती, आणि २०१९चा अमेरिकेतला संपूर्ण हंगाम तिच्या हातून गेला. वर्षाचे बारा महिने, दोन खंडांत, दोन मालकांसाठी खेळणाऱ्या देहाचे काय होते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्यातून शहाणे होऊन अमेरिकेने जे उत्तर काढले, ते मात्र मला अर्धवट वाटते.

ते उत्तर असे. २०२० साली झालेल्या सामूहिक करारात डब्ल्यूएनबीएने पगार वाढवले आणि त्याबरोबर एक अट घातली: दोन वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या खेळाडूंनी परदेशी हंगाम आटोपून वेळेवर हजर व्हायचे. २०२३ मध्ये सराव शिबिराला उशिरा येणाऱ्यांना दंड होता आणि हंगाम सुरू होईपर्यंतही न पोचणाऱ्यांना त्या हंगामाला मुकावे लागणार होते. २०२४ पासून शिबिराला उशीर म्हणजेच संपूर्ण हंगामाला मुकणे, असे ठरले. युरोपातल्या देशी लीग वसंत ऋतूच्या शेवटापर्यंत चालतात, त्यामुळे ही अट पाळायची तर युरोपातल्या कराराला कात्री लावावी लागे. शोप्रोनला विजेतेपद मिळवून देणाऱ्या गॅबी विल्यम्सलाच २०२३ मध्ये या नियमाची झळ बसली. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाची ही खेळाडू. युरोप हे तिच्यासाठी परके ठिकाण नाही, घर आहे. पूर्ण पगार द्यायच्या आधीच पूर्ण निष्ठा मागणारा हा नियम होता. खेळाडूला रशियात जायला लावणारी परिस्थिती अमेरिकेच्या कमी पगारातून निर्माण झाली आणि तिला युरोपात जाण्यापासून रोखणारा नियमही अमेरिकेनेच केला, ही विसंगती विल्यम्ससारख्या खेळाडूंनी उघडपणे बोलून दाखवली आणि ती योग्यच होती.

गेल्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतली परिस्थिती वेगाने बदलली आहे, हे नोंदवले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये डब्ल्यूएनबीएचा अकरा वर्षांचा आणि सुमारे २२० कोटी डॉलरचा प्रक्षेपण करार जाहीर झाला. जानेवारी २०२५ मध्ये स्टुअर्ट आणि नफीसा कॉलियर या दोन खेळाडूंनी स्थापन केलेली, एका वेळी तीन-तीन खेळाडूंची ‘अनरायव्हल्ड’ ही लीग मायामीत सुरू झाली आणि हिवाळ्यात घरीच राहून कमावण्याची सोय झाली. भारतात २०२३ साली महिला प्रीमिअर लीगच्या पाच संघांसाठी ४,६७० कोटी रुपयांच्या आसपास बोली लागल्या आणि सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात तीन कोटी चाळीस लाख मिळाले, तेव्हा आपल्यालाही हेच दिसले होते की महिलांचा खेळ पाहणारा वर्ग आधीपासूनच होता. त्याच्यापर्यंत तो खेळ पोचवणारा करार तेवढा नव्हता. परंतु अमेरिकेचा किंवा भारतातल्या क्रिकेटचा पैसा युरोपातल्या क्लब बास्केटबॉलला आपोआप वाचवणार नाही. उलट, तारांकित खेळाडू हिवाळ्यातही घरीच थांबू लागल्या, तर युरोलीगला आपल्या पायावर उभे राहण्याची निकड अधिक आहे.

रशियन संघ गेल्यानंतर युरोपात काय झाले, ते पाहिले की ही निकड स्पष्ट होते. येकातेरिनबर्गच्या अनेक तारका तुर्कीकडे वळल्या. २०२३च्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ तुर्कीचेच होते, आणि स्टुअर्ट व बेल्जियमची एमा मेसमन यांच्या फेनरबाहचेने मर्सिनच्या संघाला ९९-६० असे चिरडले. २०२४ मध्ये फेनरबाहचेने फ्रान्सच्या व्हिलनव्ह दास्कला १०६-७३ असे हरवले. अंतिम सामन्यांतले हे अंतर खेळाच्या प्रकृतीचे लक्षण म्हणून वाचले पाहिजे. फेनरबाहचे हा अनेक खेळांचा, लाखो समर्थकांचा क्लब आहे आणि त्याचा महिला संघ काल्मानोविचच्या स्पार्टाकसारखा एका माणसाच्या श्वासावर अवलंबून नाही, हा फरक मी मानतो. पण पैशाचे गुरुत्वकेंद्र उरलमधून बॉस्फरसकडे सरकले, एवढ्यावरून व्यवस्था सुधारली असे म्हणता येत नाही.

मग शोप्रोनच्या विजयाचे काय? तो लोकाश्रयाचा निर्भेळ विजय होता असे सांगण्याचा मोह मलाही होतो, पण वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. त्या क्लबाच्या नावात कधी तिथल्या रेल्वे कंपनीचे, कधी वित्तसंस्थेचे, कधी विमा कंपनीचे नाव राहिले आहे. शिवाय हंगेरीत २०११ पासून कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग बास्केटबॉलसह निवडक सांघिक खेळांच्या संस्थांकडे वळवता येतो. म्हणजे सरकारने सोडलेला महसूल त्या खेळांच्या उभारणीत आहे, आणि त्या योजनेवर हंगेरीतच कडक टीका झालेली आहे. तरीही शोप्रोनकडे एक मोठी गोष्ट होती: एक प्रायोजक गेला तर दुसरा शोधण्याची सवय आणि त्या शोधात साथ देणारे शहर. २०१८ मध्ये याच शहराने अंतिम फेरी भरवली, स्वतःच्या संघाला येकातेरिनबर्गकडून ७२-५३ असे हरताना पाहिले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच फेरी आपल्याकडे मागून घेतली. लहान शहर असणे हा काही गुण नव्हे. स्लोव्हाकियाच्या रुझोम्बेरोक या त्याहून लहान शहराने १९९९ आणि २०००मध्ये युरोलीग जिंकली होती. तो संघ तिथल्या कागद कारखान्याच्या नावाने खेळत असे, आणि आज तो युरोपच्या वरच्या थरात कोठेही नाही.

मला अनुकरणीय वाटणारे उदाहरण फ्रान्समधल्या बूर्जचे आहे. साधारण शोप्रोनएवढेच हे शहर. १९९७, १९९८ आणि २००१ अशी तीन युरोलीग विजेतेपदे त्याने मिळवली. त्यानंतर रशियन, तुर्की आणि स्पॅनिश पैशापुढे ते विजेतेपद पुन्हा आले नाही, पण क्लब मोडला नाही. २०२२ मध्ये, शोप्रोनने युरोलीग जिंकली त्याच वसंतात, बूर्जने युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, युरोकप, जिंकली. नगरपालिकेचे साहाय्य, अनेक स्थानिक व्यवसायांची छोटी-छोटी मदत आणि भरलेले मैदान यांच्यावर तो चालतो. महत्त्वाचे म्हणजे फ्रान्समध्ये व्यावसायिक क्लबांचे अंदाजपत्रक तपासणारी यंत्रणा आहे आणि हिशेब न जुळणाऱ्या क्लबाला खालच्या श्रेणीत पाठवण्याचा अधिकार तिला आहे. या शिस्तीमुळे फ्रेंच क्लब तारका विकत घेण्यात मागे पडतात, अशी तक्रार होते. ती खरी आहे. पण पंचवीस वर्षांनंतरही बूर्जची मुलगी बूर्जच्या संघात खेळण्याचे स्वप्न पाहू शकते, आणि व्हॅलेन्सियात रोस कासारेसचे स्वप्न पाहणाऱ्या मुलीला २०१२च्या उन्हाळ्यानंतर ते पाहता आले नाही. त्या शहरात दुसऱ्या क्लबाने महिला संघ नव्याने उभा केला आणि तो स्पेनचा विजेता झाला, पण त्याला दहा-अकरा वर्षे लागली. खेळाडूची सारी कारकीर्दच तेवढी असते.

हीच शिस्त युरोपच्या पातळीवर आणण्याची वेळ आली आहे. सध्या पगार थकला तर खेळाडूला जिनिव्हातल्या बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ साली सुरू झालेली ही यंत्रणा चांगली आहे. तिचा निकाल न पाळणाऱ्या क्लबाला नवे खेळाडू नोंदवण्यापासून रोखता येते. पण ही शिक्षा ज्याला पुढेही खेळायचे आहे त्यालाच लागू पडते. ज्याने संघच गुंडाळला, त्याला नवे खेळाडू नोंदवायचेच नसतात. म्हणून उपाय हंगामाच्या आधी हवा. युरोलीगमध्ये प्रवेश मागणाऱ्या प्रत्येक क्लबाने आपल्या उत्पन्नाचे स्रोत जाहीर करावेत. एकाच स्रोताचा वाटा ठरावीक मर्यादेच्या वर असेल, तर त्या प्रमाणात हंगामभराच्या पगाराची बँकहमी आधी जमा करावी. दात्याला यात कोणी अडवत नाही. त्याने हवे तेवढे द्यावे, फक्त देण्याचे वचन मोडता येणार नाही अशा रूपात द्यावे. आणि या हमीचा उपयोग पगार बुडाल्यावरच नव्हे, तर देश सोडणे भाग पडल्यावरही व्हावा. २०२२च्या फेब्रुवारीअखेर रशियातल्या परदेशी खेळाडूंना तिसऱ्या देशांतून वाट काढत घरी पोचावे लागले. यजमान देश युद्धात उतरला किंवा तेथे राहणे खेळाडूला असुरक्षित झाले, तर करार तिच्या बाजूने संपेल आणि उरलेला पगार हमीतून मिळेल, असे कलम प्रत्येक करारात सक्तीचे असावे.

यावर क्लबांचे म्हणणे असेल, की असे नियम केल्यास आधीच थोडे असलेले दाते पळून जातील आणि खेळाडूंचे पगार उतरतील. काही दाते जातील, काही पगार उतरतीलही. पण उतरलेला आणि हातात पडणारा पगार हा कागदावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा कमी धोक्याचा असतो, हे खेळाडूंच्या संघटनांनाही ठाऊक आहे, आणि या नियमांवरची चर्चा त्यांना बरोबर घेऊनच व्हायला हवी. प्रेक्षक येत नाहीत ही सबबही आता टिकत नाही. २०२३ मध्ये सारागोसात स्पेनच्या राणी चषकाचा अंतिम सामना पाहायला दहा हजारांहून अधिक लोक आले, आणि २०२५ची युरोलीगची अखेरची फेरी त्याच शहरात भरली. ती प्रागच्या यूएसके संघाने जिंकली. जेथे क्लबाने पुरुष आणि महिला संघांना एकच मैदान, एकच नाव आणि सारखे महत्त्व दिले, तेथे शहर आले. यजमानपद देताना सर्वांत जास्त रक्कम देणाऱ्या शहराऐवजी वर्षभर मैदान भरणाऱ्या शहराला झुकते माप द्यावे, म्हणजे क्लबांनाही प्रेक्षक गोळा करण्यात गुंतवणूक करण्याचे कारण मिळेल.

दर उन्हाळ्यात क्लब पुढच्या हंगामासाठी युरोलीगकडे नावे नोंदवतात. गेल्या हंगामात कोण जिंकले, मैदान किती आसनांचे आहे, दिव्यांचा प्रकाश किती आहे, हे सारे तेव्हा तपासले जाते. त्याच अर्जाला एक पान जोडावे: या संघाचा पगार कोण देणार, आणि तो माणूस किंवा ती कंपनी उद्या नसेल तर मेअखेरपर्यंत तो कोठून येणार. त्या पानावर बँकेचा शिक्का नसेल, तर त्या क्लबाचे नाव सोडतीच्या भांड्यात पडू नये.